जुन्या मोटारींची सहल आणि नायगावचा रस्ता

थंडीचे दिवस आले, की मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता अशा मोठ्या शहरांतील जुन्या मोटारींची मंडळे एखाद्या रविवारी सहलीस बाहेर पडतात. वर्षभर गॅरेजात झाकून ठेवलेल्या गाड्या त्या दिवशी उजेडात येतात. पितळी दिवे घासूनपुसून लखलखीत केलेले असतात; चामड्याच्या गाद्यांवर नवा तजेला आलेला असतो; भोंगे वाजतात, हँडल मारले जाते, आणि ८०-९० वर्षांच्या त्या गाड्या शहर मागे टाकून शेताशिवारांतून डौलाने जाऊ लागतात. दुपारी एखाद्या नदीकाठी वा जुन्या वाड्यात भोजन होते, आणि दिवस कलण्याच्या सुमारास मंडळी परत फिरते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्यांची छायाचित्रे झळकतात. ती पाहून कोणास कौतुक वाटते, तर कोणी ‘श्रीमंतांचे खेळ’ म्हणून पान उलटतो.

आमच्या मते हे दोन्ही अभिप्राय उतावीळपणाचे आहेत. मोटारींच्या सामुदायिक सहलीस सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या सह्याद्रीच्या घाटांत घडलेले आहे. परंतु हा इतिहास बहुधा गाडीत बसलेल्या मनुष्याच्या बाजूने लिहिला जातो. रस्त्याच्या कडेस उभे राहून जो ती गाडी जाताना पाहतो, त्याच्या बाजूने तो वाचून पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे. उभे राहण्यासाठी आम्ही जागा निवडली आहे ती नायगाव. सातारा जिल्ह्यातील, सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव म्हणून प्रसिद्ध असलेले नायगाव हे नव्हे. तर नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पूर्वी बिलोली तालुक्यात मोडणारे आणि अलीकडे स्वतःच तालुक्याचे ठाणे झालेले मराठवाड्यातील नायगाव.

प्रथम या सहलींचे मूळ पाहू. इंग्लंडात १८६५ सालच्या कायद्याने रस्त्यावरील यांत्रिक वाहनांस खेड्यापाड्यांत ताशी ४ मैल आणि गावांत ताशी २ मैल एवढीच गती ठरवून दिली होती, आणि अशा वाहनाच्या पुढे तांबडे निशाण घेऊन एक मनुष्य चालला पाहिजे, असे बंधन होते. निशाणाची अट पुढे शिथिल झाली, तरी पुढे चालणारा मनुष्य कायम राहिला. १८९६ साली हे बंधन उठले. त्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची एक यात्रा काढण्यात आली. निघण्यापूर्वी एका उमरावाच्या हातून तांबडे निशाण समारंभाने फाडण्यात आले. पाऊस, चिखल व यंत्रांचे रुसवे यांमुळे निघालेल्या सर्वच गाड्या पोहोचल्या नाहीत. परंतु रस्त्यावर मोटारीचा हक्क त्या दिवसापासून लोकांनी मान्य केला. १९२७ साली या यात्रेची आठवण म्हणून जुन्या गाड्यांची तीच वाट पुन्हा चालण्यात आली, आणि जगभरच्या जुन्या मोटारींच्या सहलींस तेथून आरंभ झाला. आजही त्या वार्षिक यात्रेत १९०५ पूर्वीच्याच गाड्यांस प्रवेश मिळतो.

परंतु पहिली यात्रा आणि तिची स्मरणयात्रा या दोहोंच्या दरम्यान आणखी एक टप्पा आहे, आणि तो विसरून चालणार नाही. १९०० सालच्या एप्रिल-मे महिन्यांत इंग्लंडातील मोटार-मंडळाने लंडनहून एडिंबरोपर्यंत आणि परत अशी १००० मैलांची परीक्षा घेतली. साठाहून अधिक गाड्या त्यासाठी निघाल्या. मोठमोठ्या गावी मुक्काम करून त्या लोकांस दाखविण्यात आल्या. कारण त्या वेळी बहुसंख्य इंग्रज लोकांनी मोटार डोळ्यांनी पाहिलीही नव्हती. चढ चढतो का, उतारावर ब्रेक धरतो का, दिवसामागून दिवस गाडी न मोडता चालते का, हे प्रश्न त्या सहलीने रस्त्यालाच विचारले. या परीक्षेत सुवर्णपदक मिळविणारा तरुण गृहस्थ म्हणजे चार्ल्स रोल्स. पुढे रॉइस नावाच्या कसबी यंत्रज्ञाची जोड मिळून त्याच्या नावाची जी गाडी निघाली, ती ‘रोल्स-रॉइस’ होय. तिची ओळख भारतीयांस संस्थानिकांच्या वैभवावरून झाली. परंतु तिचे नाव प्रथम झाले ते मजबुतीमुळे. १९०७ साली ‘सिल्व्हर घोस्ट’ या नावाने पुढे विख्यात झालेली तिची एक गाडी पंचांच्या देखरेखीखाली १४,३७१ मैल जवळजवळ अखंड चालविण्यात आली, आणि त्या एका गोष्टीने तिची पत वाढली.

अशी परीक्षा आपल्याकडेही झाली. १९०४ सालच्या अखेरीस ‘मोटार युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची कसोटी ठेवली होती. सडकांवर पूल थोडे, पेट्रोल मिळण्याची ठिकाणे त्याहून थोडी, आणि मैलोगणती बैलगाड्यांची रहदारी, अशा स्थितीत ही दौड झाली. त्यानंतर १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी चाचणी झाली. तीत वाटेवरचे घाट चढणे व उतरणे हाच मुख्य विषय होता. ६०० मैलांहून अधिक लांबीची ही कसोटी ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या एका रोल्स-रॉइस गाडीने निर्विघ्न पार पाडली व ती पहिली आली. पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. सह्याद्रीच्या घाटांची पत्करलेली ही परीक्षा पार पडल्यावरच हिंदुस्थानातील संस्थानिकांचा त्या गाडीकडे ओढा वाढला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या सर्व प्रारंभीच्या सहलींचे एक लक्षण वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. त्या सहली म्हणजे मोटारीची परीक्षा होती. परीक्षक होता रस्ता. आणि परीक्षा कशासाठी, तर हे नवे वाहन सर्वसामान्य मनुष्याच्या उपयोगी पडेल की नाही, हे ठरविण्यासाठी. आजच्या सहलींत हा प्रश्न उरलेला नाही. आजची सहल म्हणजे मोटारीचा सत्कार आहे. परीक्षेचे रूपांतर सत्कारात कसे झाले, याचे उत्तर मात्र इंग्लंडात शोधावे लागत नाही. ते नायगावचा रस्ता ज्या राजधानीकडे जातो, त्या हैदराबादेत मिळते.

हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एक ‘सिल्व्हर घोस्ट’ मागविली होती. पिवळ्या रंगाच्या या गाडीचा सांगाडा लंडनच्या बार्कर कंपनीने सजविला असून तीत पाठीमागे सिंहासनासारखे उंच आसन आहे. १९११ साली निजामांचा देहांत झाला, आणि गाडी त्यांच्या उपयोगास आलीच नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत ती केवळ दरबारी मिरवणुकींत निघे. सबंध आयुष्यात ती फार थोडे मैल धावली. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. ज्या जातीच्या गाडीने १४,००० मैल धावून नाव कमावले, तिचीच एक बहीण हत्तीच्या चालीने चालण्यासाठी विकत घेतली गेली! घाट चढून जी योग्यता सिद्ध झाली, ती पुढे घाट चढण्याच्या कामी आली नाही, तर अंबारीच्या जागी आली. कोल्हापुरातही असाच एक प्रकार आहे. राजाराम महाराजांची जर्मन बनावटीची मेबॅक गाडी दसऱ्याच्या शाही सोहळ्यात लोकांपुढे येते, आणि ती पाहण्यास गर्दी लोटते. या गर्दीचे प्रेम खोटे नाही. तथापि ते प्रेम छत्रपतींच्या गादीवरचे आहे. वाहन त्यास निमित्त झाले आहे.

१९१९ साली मुंबईत ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला, आणि गाड्या वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या आवाक्यात येऊ लागल्या. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यातून स्वातंत्र्याच्या सुमारास गाड्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा मोटार ‘देशी’ही झाली. इकडे संस्थाने विलीन झाली. १९७१ साली संस्थानिकांचे तनखेही बंद झाले, आणि त्यांच्या पागांत उभ्या असलेल्या गाड्या हळूहळू विकल्या गेल्या. त्या ज्यांनी विकत घेतल्या, दुरुस्त केल्या व पुन्हा रस्त्यावर आणल्या, त्यांतूनच आजची हौशी मंडळी तयार झाली. कोलकात्याच्या ‘स्टेट्समन’ पत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या मोटारींची रॅली सुरू केली. तेव्हापासून या छंदास आपल्या देशात सार्वजनिक स्वरूप आले.

या मंडळींची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. मूर्ती, नाणे किंवा ताम्रपट कपाटात ठेवला तरी त्याचे मूर्तिपण वा नाणेपण नाहीसे होत नाही. यंत्राचे तसे नाही. न चालणारे यंत्र म्हणजे केवळ लोखंड. ते चालते ठेवावयाचे, तर ज्याचे सुटे भाग ५० वर्षांपूर्वी बाजारातून गेले, असा प्रत्येक भाग कोणास तरी हाताने घडवावा लागतो. कार्ब्युरेटरचा कान ओळखणारा मिस्त्री, पत्रा ठोकून मडगार्डची गोलाई साधणारा कारागीर, लाकडी सांगाडा जोडणारा सुतार, जुन्या पद्धतीने गाद्या शिवणारा कसबी मनुष्य, यांची विद्या पुस्तकांत नाही. ती त्यांच्या हातांत आहे, आणि गाडी चालती राहिली तरच ती टिकते. म्हणून वस्तुसंग्रहालयातील काचेपेक्षा रस्त्यावरची सहल अधिक मोलाची, हे मंडळांचे म्हणणे आम्हांस पूर्णपणे मान्य आहे.

आमचा प्रश्न निराळा आहे. गाडी जपली, रस्त्याचे काय? आणि ज्या देशातून, म्हणजे ज्या शेताशिवारातून ती सहल जाते, तो देश त्या मंडळींस केवळ एक रम्य पडदा वाटतो की आणखी काही? आता नायगावच्या रस्त्यावर उभे राहण्याची वेळ आली.

निजामाच्या राज्यातील हैदराबाद-मनमाड लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरू झाला. निजामाबादेहून बासर येथे गोदावरी ओलांडून तो धर्माबाद, उमरी, मुदखेड या गावांवरून नांदेडास येतो आणि पुढे परभणी, जालना, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) असा जातो. म्हणजे या भागात रेल्वे गोदावरीच्या उत्तर तीराने गेली. दक्षिण तीरावरील नायगाव, बिलोली, देगलूर, मुखेड, कंधार ही गावे आगगाडीच्या शिटीपासून दूर राहिली. नदी आडवी असलेल्या या मुलुखास जगाशी जोडणारा दुवा म्हणजे सडक. उमरीच्या मनुष्यास मोटार नसली तरी आगगाडी होती. नायगावच्या मनुष्यास सडक हेच सर्वस्व होते. मोटारीचा इतिहास जेथे रेल्वे नव्हती तेथेच खरा घडला, हे या एका उदाहरणावरून ध्यानात येईल.

सडक म्हटली तरी तिचे वर्तन वर्षभर सारखे नसे. ही काळी कसदार जमीन कापसास व ज्वारीस जेवढी अनुकूल, तेवढीच चाकास प्रतिकूल. उन्हाळ्यात तिच्यावर घोट्याएवढा फुफाटा, आणि मृगाचा पाऊस पडताच तीच माती चाकास अशी बिलगते, की बैलांच्या दोन जोड्या लावल्या तरी गाडी हलत नाही. ओढ्या-नाल्यांस पूर आला, की अलीकडचे गाव अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. गाड्यांच्या लोखंडी धावांनी वर्षानुवर्षे पडलेल्या खोल रेघांस आपण ‘चाकोरी’ म्हणतो. आज हा शब्द आपण आयुष्याच्या ठरावीकपणासाठी वापरतो आणि त्यात किंचित तिरस्कारही मिसळतो. परंतु ज्यास रात्री कंदिलाच्या उजेडात माल घेऊन मोंढ्यास जावयाचे असे, त्यास चाकोरी म्हणजे आधार होता. बैल तिच्यात पडले की गाडीवानाने डोळा मिटला तरी चाले. मोटारीसाठी मुरूम व खडी पडून पक्की सडक झाली, तेव्हा चाकोरी बुजली. जुन्या मोटारींच्या सहलीत ज्या ग्रामीण शांततेचे वर्णन केले जाते, ती शांतता मोडणारे पहिले वाहन म्हणजे मोटारच होय, हे विसरू नये.

या मुलुखात सर्वसामान्य मनुष्य मोटारीत बसला, तो मालक म्हणून नव्हे, तर तिकीट काढणारा उतारू म्हणून. खासगी ‘सर्व्हिस मोटारी’ गावोगाव फिरू लागल्या, तेव्हा रेल्वेचे उतारू त्यांनी पळविण्यास आरंभ केला. ही अडचण सर्व हिंदुस्थानात होती. परंतु हैदराबाद संस्थानाने तिच्यावर काढलेला उपाय विशेष होता. १९३० साली संस्थानाने आपली रेल्वे कंपनीकडून स्वतःच्या ताब्यात घेतली होतीच. १९३२ सालच्या जून महिन्यात त्याच रेल्वेच्या खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर घेऊन स्वतःची रस्ता-वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुणे व अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) यांच्या दरम्यान धावली ती १ जून १९४८ रोजी. म्हणजे निजामाच्या राज्यात सरकारी बस तिच्या १६ वर्षे आधी आली. मराठवाड्यास मागासलेला म्हणण्याची ज्यांस सवय आहे, त्यांनी ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे, की ज्या सरकारने प्रजेस बस दिली, त्याच सरकारने तिला मातृभाषेतून शिक्षण आणि जबाबदार राज्यपद्धती नाकारली.

त्या खात्याच्या बसगाड्यांच्या क्रमांकांत ‘झेड’ हे इंग्रजी अक्षर असे. सातव्या निजामांनी आपल्या मातोश्री जोहरा बेगम यांच्या स्मरणार्थ ते घालविले, अशी कथा सांगतात. आजही तेलंगणाच्या सरकारी बसवर ते अक्षर दिसते. १९३२ सालची, स्कॉटलंडात तयार झालेली अल्बियन कंपनीची एक बस हैदराबादेतील ‘बस भवना’त जतन करून ठेवली आहे. चौमहल्ल्यातील पिवळी रोल्स आणि बस भवनातील ही अल्बियन एकाच शहरात आहेत. पहिलीत एक मनुष्य बसावयाचा होता, तोही क्वचितच बसला. दुसरीत मात्र असंख्य अनामिक माणसे बसून गेली. कोणत्या गाडीत हैदराबाद राज्याचा इतिहास अधिक साठला आहे, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलचा तुटवडा पडला आणि देशभर अनेक मोटारी लोणारी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीच्या मागे वा बाजूस भट्टी, तिच्यातला कोळसा ढवळणारा काळाकुट्ट क्लीनर, आणि चढ आला की खाली उतरून चालू लागणारे उतारू, हे त्या काळाचे चित्र जुन्या माणसांच्या बोलण्यातून आपण ऐकत आलो आहोत. जुन्या मोटारींच्या सहलींत पितळी दिव्यांच्या गाड्या पुष्कळ दिसतात. कोळशाच्या भट्टीची मोटार क्वचितच दृष्टीस पडते. गरिबीच्या काळातील युक्त्या जपून ठेवण्याची बुद्धी संपत्तीस होत नाही, त्यास काय करावे?

यानंतरची काही वर्षे या सडकेने जे पाहिले, ते मोटारीच्या हौसेशी मुळीच जुळणारे नाही. १९४६ सालच्या ऑक्टोबरात बिलोलीनजीक अर्जापूर येथे स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. पुढील दोन वर्षांत रझाकारांच्या भीतीने गावेच्या गावे हालली. कोणी सरहद्दीपलीकडे गेले, कोणी रात्री शेतात झोपू लागले. दिवस मावळल्यावर सडकेवर मोटारीचा आवाज आला, की त्यात कोण असेल या शंकेने दारे लागत. रस्त्याच्या कडेस कौतुकाने उभे राहणारी जी मुले आज सहलीच्या छायाचित्रांत दिसतात, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी मोटारीच्या आवाजास भिण्याचे दिवस काढले आहेत.

आणि त्या भीतीचा अंतही मोटारींनीच केला. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची मुख्य तुकडी सोलापूरहून हैदराबादच्या सडकेने निघाली. रणगाडे, चिलखती मोटारी आणि सैनिकांनी भरलेले ट्रक यांचा तो ताफा होता. या ताफ्याचे यश पहिल्याच दिवशी एका पुलावर अवलंबून होते: नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरील पूल. तो उडविला जाण्यापूर्वीच सैन्याने शाबूत हस्तगत केला आणि वाट मोकळी झाली. १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. एका राज्याचे भवितव्य पाच दिवसांत ठरले, त्यात शौर्याइतकाच वाटा सडकेचा व पुलाचा होता, हे युद्धेतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको.

१९५६ साली राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला; १९६० साली महाराष्ट्र झाला; १९६१ साली मराठवाड्याची सरकारी बसवाहतूक राज्याच्या एकाच महामंडळात सामावली. तांबडी एस.टी. नायगावच्या मुलांस नांदेडच्या शाळा-कॉलेजांत घेऊन जाऊ लागली. आम्हा अध्यापकांस याची जाणीव विशेष असते: पहिल्या तासास वर्ग अर्धा रिकामा असला, तर कोणती बस चुकली हे विद्यार्थ्यांच्या गावांवरून कळते. सुमारे ५० किलोमीटरचे अंतर रोज ये-जा करून ज्या मुलींनी पदवी मिळविली, त्यांच्या शिक्षणाचा इतिहास विद्यापीठाच्या दप्तरात जेवढा आहे, तेवढाच बसच्या पासांतही आहे. पुढे एस.टी. जेथे जात नाही तेथे काळीपिवळी जीप जाऊ लागली. आत आठ, मागे लोंबकळत चार आणि टपावर शेळी, कोंबड्या व बाजाराच्या पिशव्या, अशा थाटात तिने तीस-चाळीस वर्षे या भागाचे संसार वाहिले. आज राष्ट्रीय महामार्ग झालेल्या त्याच रस्त्यावर नव्या वेगवान गाड्या धावतात, आणि काळीपिवळी भंगारात निघाली आहे. तिची एक तरी प्रत कोणी जपून ठेवील काय?

हा प्रश्न विनोदाचा नाही. २०२१ सालच्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. ५० वर्षांहून अधिक जुने व मूळ स्वरूप राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ ठरते. त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. अशा वाहनास प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या गाड्यांची रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर येता येते. नित्याच्या वा धंद्याच्या कामास ते वापरता येत नाही. नियम सोयीचा आहे, आणि त्यामुळे अनेक गाड्या भंगारापासून वाचतील. पण त्याचा अर्थ पाहा. ज्यास रस्त्यावर काम करण्याची मनाई, त्यासच रस्त्यावर सन्मानाने मिरविण्याची परवानगी!

आपल्या शेतकऱ्याची रीत याहून वेगळी आहे. तोही आपली वाहने वर्षातून एकदा सजवितो. श्रावणी अमावास्येच्या आदल्या दिवशी तो बैलांची खांदेमळणी करतो. जेथे जू घासून घासून कातडी निबर झाली, त्या खांद्यास तूप-हळद लावतो. दुसऱ्या दिवशी शिंगे रंगतात, अंगावर झूल पडते, आणि पोळ्यास सगळ्या गावाचे बैल वेशीतून मिरवतात. याच भागातील लाल कंधारी जातीचे बैल त्या दिवशी पाहावेत. कोणत्याही मोटारीच्या रंगास त्यांची झळाळी हार जाणार नाही. दसऱ्याच्या खंडेनवमीस हीच बुद्धी यंत्रांकडे वळते: ट्रॅक्टर, रिक्षा, एस.टी. यांच्या तोंडांवर झेंडूच्या माळा चढतात. पोळा आणि मोटारींची सहल यांत बाह्य साम्य पुष्कळ आहे. धुणे, सजविणे, मिरविणे, लोकांनी कौतुक करणे, सर्व तेच. भेद एकच, परंतु मोठा. पोळ्यात प्रथम खांदा चोळला जातो, आणि मग शिंगे रंगविली जातात. आधी कष्टाची ओळख, मग शृंगार. मोटारींच्या सहलीत शिंगे रंगविली जातात. खांद्याची आठवण कोणी काढीत नाही.

ती काढता येईल, आणि त्यासाठी मंडळांनी छंद सोडण्याची गरज नाही. एखाद्या हिवाळ्यात त्यांनी आपली सहल याच वाटेने न्यावी. सकाळी नांदेडहून गोदावरी ओलांडून निघावे, नायगाव गाठावे, पुढे नरसीच्या चौफुल्यावर थांबावे. ही नरसी नामदेवांची नव्हे, ती हिंगोलीकडची. ही बिलोली, मुखेड व देगलूर या तिन्ही वाटांची. तेथून देगलूरकडे जाऊन होट्टल येथे चालुक्यकालीन सिद्धेश्वराचे मंदिर पाहावे. ज्या दगडांवरून बैलगाडीच्या आधीचा काळ बोलतो, त्यांच्या सावलीत भोजन करावे. मराठी, तेलुगू, कानडी व उर्दू या चारही भाषा एका बाजारात ऐकू येतात, असा हा मुलूख आहे. परंतु वाटेतील मुक्काम केवळ चहापाण्यापुरते नसावेत. प्रत्येक मुक्कामी त्या गावचा निवृत्त ड्रायव्हर, कंडक्टर, जीपवाला, बैलगाडीची चाके घडविणारा सुतार व धाव चढविणारा लोहार यांस बोलावून गाडीत मानाने बसवावे, आणि त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आमच्या भागातील महाविद्यालयांच्या इतिहास-विभागांनी हे लेखनाचे काम अंगावर घ्यावे. रस्ते रुंद होत असता जुनी झाडे पडतात, दगडी मैलखुणा गटारात जातात, जुने पूल ओस पडतात. त्यांची नोंद करण्यास या पिढीइतकी सोय पुढील पिढीस राहणार नाही.

आणि ताफ्याच्या अग्रभागी, रोल्स व पॅकार्ड यांच्याही पुढे, एखादी जुनी बस असावी. ती फार वेगाने जाणार नाही. मागच्या गाड्यांस तिच्या चालीने चालावे लागेल. १९०० साली व १९०८ साली मोटारीच्या सहली ज्या प्रश्नासाठी निघाल्या होत्या, त्या प्रश्नाचे उत्तर त्या बसने दिले आहे. हे नवे वाहन सामान्य मनुष्याच्या उपयोगी पडेल काय, असे तेव्हा विचारले होते. नायगावच्या फाट्यावर, दप्तर छातीशी धरून पहाटेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलीने ‘होय’ असे उत्तर दिले. आणि ते उत्तर मिळाले म्हणूनच जुन्या मोटारींचा सत्कार करण्याचा अधिकार आपणांस प्राप्त झाला आहे.